कर कोण भरतो?

निवडणूक आली की दोन वाक्ये हटकून कानी पडतात. नोकरदारांच्या सभेत वक्ता गर्जतो, "देश मूठभर करदात्यांच्या जिवावर चालतो!" तोच वक्ता झोपडपट्टीत म्हणतो, "गरिबावर पैचाही कर नाही!" टाळ्या दोन्हीकडे पडतात.

वाचकहो, सारा घोळ 'कर' या शब्दाचा आहे. १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात प्रथम आणलेला प्राप्तिकर थोडेच लोक भरतात, हे खरे. पण वस्तू व सेवा कर? १ जुलै २०१७ रोजी तो आला, तेव्हा अंगाच्या साबणावर १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. सरकारात भरतो दुकानदार; पदरचे पैसे जातात गिऱ्हाइकाचे. बंगल्याची मालकीण असो वा तिच्याकडे धुणीभांडी करणारी बाई, दर एकच! मग त्या बाईला 'फुकटी' कोणत्या तोंडाने म्हणावे?

उलट, शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. घटनेने तो अधिकार राज्यांना दिला आहे. दोन एकरांचा शेतकरी आणि बडा बागायतदार या सवलतीच्या एकाच पंगतीत बसतात. भाषणात नाव मात्र पहिल्याचेच!

तेव्हा पुढच्या सभेत एवढेच विचारा: "कोणता कर, महाराज?"