बिटापेक्षा लहान भोक

मुंबई-गोवा महामार्ग जिथून फुटतो, त्या पळस्पे फाट्यावर न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनरांची ये-जा दिवसरात्र चालू असते. त्या लोखंडी डब्यांत पायाखाली मात्र बहुधा लाकूडच असतं: साधारण २८ मिलिमीटर जाडीचं, फिनॉलिक रेझिनने चिकटवलेलं प्लायवूड. तेच रेझिन कागदात किंवा सुती कापडात मुरवायचं, थरावर थर रचायचे, उष्णता आणि दाब द्यायचा, की झाली फिनॉलिक शीट. दुकानात तिला हायलम म्हणतात. घराघरातल्या सनमायकाच्या पोटातले तपकिरी थरही हेच. मेलामाइन फक्त वरच्या शोभेच्या कागदात.

या रेझिनसाठी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचं लग्न रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७मध्ये जुळवलं. त्यातलं फॉर्मल्डिहाइड पळस्प्याच्या शेजारच्या रसायनीत, हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्समध्ये तयार होत असे. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. तापवलं तर जळतं.

सुताराची खरी गंमत या शीटला भोक पाडताना सुरू होते. लाकडात ड्रिलचं बिट घातलं की छिलके निघतात, इथे पीठ निघतं. ते भोकात अडकलं की घर्षणाने कडा करपतात, म्हणून बिट सारखं वर काढून भुकटी झाडावी लागते. साधं स्टीलचं बिट लवकर बोथट होतं, कार्बाइडचं टिकतं. आणि नवल असं, की पाडलेलं भोक बिटापेक्षा किंचित लहान भरतं, कारण दबलेले थर पुन्हा फुगून आत येतात. बोल्ट नेमका बसवायचा तर बिट अंमळ मोठं घ्यावं. बाहेर पडताना बिट खालच्या थरांचा टवका उडवतं. त्यासाठी खाली लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरायचा. कडेतून, म्हणजे थरांच्या दिशेने भोक पाडायचं असेल, तर शीट वाइसमध्ये आवळल्याशिवाय बिट लावूच नये. थर पुस्तकासारखे उघडतात. तोंडावर मास्क हवाच, ती भुकटी फार बारीक असते.

मोठ्या गोल भोकाला होल सॉ चालतो, पण निम्मं एका बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने. शेगडीसाठी ओट्याच्या शीटमध्ये चौकोन कापताना मात्र घाई नडते. आधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडायची आणि मग त्यांना जोडत कापायचं. काटकोनी कोपरा दिसतो छान, पण सगळा ताण तिथेच गोळा होतो, आणि काही महिन्यांनी त्याच कोपऱ्यातून केसाएवढा तडा जातो.