दडपलेली बातमी आणि ढळलेला विश्वास

२५ जून १९७५ च्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. त्याच रात्री दिल्लीतील बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्र कार्यालयांचा वीजपुरवठा तोडण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचे बंधन आले. अफवांना आळा घालणे, हे त्यामागील एक कारण सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पुढील २१ महिन्यांत अफवांना ऊत आला.

१९७६ मध्ये चार वृत्तसंस्थांचे 'समाचार' या एकाच संस्थेत विलीनीकरण झाले. आकाशवाणी आणि दूरदर्शन शासनाच्याच अखत्यारीत होते. त्यामुळे एकाच बाजूचे वृत्त सर्वत्र प्रसृत होऊ लागले. प्रतिकूल बातमी छापली जात नाही, हे एकदा लक्षात आले की वाचक अनुकूल बातमीवरही विश्वास ठेवत नाही. विदेशी नभोवाणी आणि कानोकानी आलेली माहिती त्याला अधिक खरी वाटू लागते.

एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीतील तुर्कमान गेट परिसरात घरे पाडण्याला विरोध करणाऱ्या रहिवाशांवर पोलिसांनी गोळीबार केला. या घटनेचे स्वतंत्र वृत्त तेव्हा प्रसिद्ध होऊ शकले नाही. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही. खरा आकडा वेळीच समोर न आल्याने प्रत्येकाने आपापला आकडा गृहीत धरला.

याचा सर्वाधिक फटका कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाला बसला. १९७६-७७ या वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्याची नोंद आहे. सक्तीच्या तक्रारींना वृत्तपत्रांत वाव नव्हता. परिणामी, लस टोचण्याच्या निमित्ताने शाळकरी मुलांचीही नसबंदी केली जाते, अशी अफवा पसरली आणि भयभीत पालकांनी मुलांना शाळेतून घरी नेले. अफवा निराधार होती. परंतु ती खोडून काढणाऱ्यांच्या शब्दाला वजन उरले नव्हते.

मतभिन्नता दडपण्याचा दुसरा परिणाम सत्ताधाऱ्यांवरच होतो. तक्रार वर पोहोचत नाही, तेव्हा समाधानाचेच अहवाल वर जातात. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये एकही जागा मिळाली नाही. नसबंदीच्या सक्तीची झळ ज्या प्रदेशांना अधिक बसली होती, त्यांत ही राज्ये होती.

निर्बंध उठले, तरी अविश्वास लगेच ओसरला नाही. १९७७-७८ मध्ये नसबंदी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्याही खाली आली. कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' असे करण्यात आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के, तर स्त्री नसबंदीचे सुमारे ३८ टक्के होते. या विषमतेला अनेक सामाजिक कारणे आहेत. त्या काळातील भीती हे त्यांपैकी एक मानले जाते.

१९७७ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाने या काळातील अतिरेकांची चौकशी केली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संसदेच्या कामकाजाचे यथातथ्य वृत्त प्रसिद्ध करण्यास घटनात्मक संरक्षण दिले. टीकेचे स्वर बंद केल्याने शंका नाहीशा होत नाहीत. त्या केवळ कुजबुजीत उतरतात आणि तेथे त्यांना उत्तर देणे कोणत्याही शासनाला शक्य होत नाही.