डेबियनच्या दारात तुमचा प्रोग्राम

‘कोड गिटहबवर टाकलाय की, हवा तर घेतील लिनक्सवाले!’ असं म्हणणारे हौशी प्रोग्रामर पुष्कळ भेटतात. ‘लिनक्सवाले’ नावाचं एक कार्यालय कुठेच नाही, इथूनच सुरुवात करावी लागते. डेबियन, फेडोरा, आर्च, प्रत्येकाचं दार वेगळं. आपण १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनचं पाहू. तिथे शिरलेलं पॅकेज सहसा पुढे उबंटूतही जातं.

गैरसमज : कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे तो खुला.

वस्तुस्थिती : परवाना लिहिलेला नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. कोड वाचता येतो, वाटता येत नाही. बरं, परवाना लिहिताना पदरची भर घातली तरी पंचाईत. ‘व्यावसायिक वापर करू नये’ ही अट वरवर सालस वाटते, पण कामाच्या क्षेत्रावरून भेदभाव करणारा परवाना डेबियनच्या नियमांत बसत नाही. ‘जेसन’ (JSON) नावाच्या परवान्यात तर एवढंच म्हटलं होतं, की सॉफ्टवेअर चांगल्या कामाला वापरा, वाईट कामाला नको. तेवढ्या एका ओळीपायी तो परवाना डेबियनने अमुक्त ठरवला. चांगलं-वाईट ठरवायचं कुणी?

ही तपासणी वरवरची नसते. नवं पॅकेज आधी एका रांगेत थांबतं. कुठली फाइल कुणाची आणि कोणत्या परवान्याखाली, याची नोंद तिथे माणसं डोळ्यांखालून घालतात. तुम्ही कधीकाळी दुसऱ्याची जावास्क्रिप्टची फाइल उचलून, नाव पुसून आत टाकली असेल, तर गाडी तिथेच अडते. प्रोग्राम किती देखणा आहे, हे त्या रांगेत कुणी विचारत नाही.

गैरसमज : ज्याने लिहिलं, त्यानेच नेऊन द्यायचं.

वस्तुस्थिती : लेखक एक आणि पॅकेज सांभाळणारा मेंटेनर दुसराच, असं सर्रास असतं. ‘हे पॅकेज मी करतो’ अशी नोंद बगांच्या यादीत कुणीही करू शकतो. त्याला अपलोडचा अधिकार नसेल, तर तो असलेला डेव्हलपर स्पॉन्सर म्हणून गाठावा लागतो. फी काही नाही. मात्र ही सगळी स्वयंसेवक मंडळी, आपापली कामं सांभाळून बघणारी. उत्तराला वेळ लागला म्हणून रुसू नये.

गैरसमज : एकदा घेतलं, की माझी नवी आवृत्ती लगेच सगळ्यांकडे.

वस्तुस्थिती : पहिला मुक्काम ‘सिड’मध्ये, म्हणजे डेबियनच्या अस्थिर शाखेत. ‘टॉय स्टोरी’तल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं हे नाव. तिथे काही दिवस गंभीर बग निघाला नाही, तर पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये जातं. त्यातून ‘स्टेबल’ साधारण दोन वर्षांनी निघतं : ‘बुकवर्म’ जून २०२३मध्ये आलं, ‘ट्रिक्सी’ ऑगस्ट २०२५मध्ये. मधल्या काळात ‘स्टेबल’मध्ये सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्या तेवढ्या होतात, नव्या सोयी नाहीत.

यावरून एकदा चांगलीच जुंपली होती. एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाने ‘ही आवृत्ती फार जुनी झाली’ असा इशारा प्रोग्राममध्येच घालून ठेवला होता आणि २०१६मध्ये तो डेबियनच्या ‘स्टेबल’ वापरणाऱ्यांच्या पडद्यावर झळकला. जुन्या आवृत्तीच्या तक्रारी माझ्या माथी येतात, तेव्हा वाटूच नका, असं त्याचं म्हणणं. पण परवाना खुला होता, आणि तो त्यानेच दिलेला. पॅकेज आजही डेबियनमध्ये आहे.