कंटेनरची स्मृतिमर्यादा

एकाच संगणकावर अनेक कार्यक्रम परस्परांपासून अलग ठेवून चालविण्यासाठी त्यांचे जे बंदिस्त गट करतात, त्यांना कंटेनर म्हणतात. सर्व कंटेनर एकच कर्नल (परिचालन प्रणालीचा गाभा) व एकच स्मृती वापरतात. एका गटाने बेसुमार स्मृती व्यापल्यास इतरांचे काम अडते. म्हणून कर्नल प्रत्येक गटाच्या वापराचा हिशोब ठेवून त्यावर मर्यादा घालतो [→ संगणक]. लिनक्स प्रणालीतील पद्धतीचे वर्णन येथे केले आहे.

इतिहास : प्रक्रियांच्या गटनियंत्रणाचे काम पॉल मेनाज व रोहित सेठ यांनी गूगलमध्ये २००६ साली सुरू केले. ही यंत्रणा जानेवारी २००८ मध्ये व तिचा स्मृतिनियंत्रक त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिनक्समध्ये आला. तिची सुधारित आवृत्ती २०१६ साली अधिकृत झाली.

कार्यपद्धती : स्मृतीची वाटणी ‘पृष्ठां’मध्ये होते, एक पृष्ठ बहुधा ४,०९६ बाइटांचे असते. कार्यक्रमाची मागणी कर्नल सहसा लगेच मान्य करतो. मात्र पृष्ठ प्रत्यक्ष वापरात येते तेव्हाच ते दिले जाते व गटाच्या खाती मांडले जाते. वाचलेल्या फाइलींच्या स्मृतीत राखलेल्या प्रतीही याच खाती येतात. त्यामुळे वापर मर्यादेस पोहोचला, म्हणजे टंचाई झालीच असे नाही. प्रथम कर्नल त्याच गटाची पृष्ठे मोकळी करतो. फाइलींच्या न बदललेल्या प्रती टाकून दिल्या जातात, बदललेल्या डिस्कवर लिहिल्या जातात व इतर पृष्ठे, सोय असल्यास, डिस्कवरील राखीव जागेत हलविली जातात. तेवढ्याने न भागल्यास गटातील एखादी, सामान्यतः सर्वाधिक स्मृती व्यापणारी, प्रक्रिया तत्काळ संपविली जाते. मागणी आधीच मान्य झालेली असल्याने नकार देण्याची वेळ टळून गेलेली असते. प्रक्रियेला आवराआवर करण्याची संधी मिळत नाही व जतन न केलेली माहिती नष्ट होते.

मर्यादांचे प्रकार : सुधारित आवृत्तीत कमाल, उच्च, निम्न व किमान अशी चार मूल्ये ठरविता येतात. वरील कठोर उपाय कमाल मर्यादेशी संबंधित आहे. उच्च मर्यादा ओलांडणाऱ्या प्रक्रिया संपविल्या न जाता मंदावल्या जातात. त्यामुळे व्यवस्थापकास उपाययोजनेला अवधी मिळतो. उरलेली दोन मूल्ये संरक्षक आहेत : इतरत्र टंचाई असता निम्न मूल्याखालील पृष्ठे शक्यतो आणि किमान मूल्याखालील मुळीच काढून घेतली जात नाहीत.

मर्यादा फार कमी ठेवल्यास टाकलेल्या प्रती पुनःपुन्हा वाचाव्या लागून काम रेंगाळते. ती म्हणजे राखीव वाटाही नव्हे : सर्व मर्यादांची बेरीज उपलब्ध स्मृतीहून अधिक असल्यास मर्यादेत राहणाऱ्या गटालाही टंचाईची झळ लागू शकते. म्हणून मर्यादा ठरविताना केवळ वापराचा आकडा पाहणे पुरेसे नसते. स्मृतीसाठी थांबण्यात वाया जाणारा काळ मोजण्याची सोय २०१८ साली कर्नलमध्ये करण्यात आली. गटाची खरी निकड तीवरून अधिक चांगली कळते.