थेरेसा मे यांचे ब्रिटन कोणत्या वाटेने जाणार होते?

राणीची भेट घेऊन परतल्यावर, १३ जुलै २०१६ च्या सायंकाळी, थेरेसा मे यांनी १०, डाउनिंग स्ट्रीटच्या दाराबाहेर केलेले भाषण अवघ्या काही मिनिटांचे होते. सार्वमताने ढवळून निघालेल्या देशाच्या नव्या पंतप्रधान युरोपविषयी काय सांगतात, याकडे जगाचे कान लागले होते. त्यांनी युरोपीय महासंघाचा उल्लेख ओझरताच केला. त्या बोलल्या गरिबांच्या अल्पायुष्याविषयी, कृष्णवर्णीयांना न्यायव्यवस्थेकडून मिळणाऱ्या कठोर वागणुकीविषयी, आणि नोकरी आहे पण शाश्वती नाही, घर आहे पण हप्त्यांची धास्ती आहे अशा कुटुंबांविषयी. हुजूर पक्षाच्या नेत्याच्या तोंडी ही भाषा अनपेक्षित होती. ती शोभेपुरती होती की खरी, हे कळण्यासाठी त्यानंतरच्या दोन आठवड्यांतील निर्णय आणि त्याआधीची गृहखात्यातील सहा वर्षे एकत्र पाहावी लागतात.

सत्तेपर्यंतचा प्रवास विलक्षण वेगाने झाला. २३ जूनला ५१.९ टक्के मतदारांनी महासंघ सोडण्याचा कौल दिला आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. बोरिस जॉन्सन यांचे साथीदार मायकेल गोव्ह यांनी ऐनवेळी स्वतःच शड्डू ठोकला. जॉन्सन रिंगणाबाहेर गेले, गोव्ह हरले, आणि ११ जुलैला अँड्रिया लेडसम यांनीही माघार घेतली. मे यांच्या पाठीशी पक्षाचे १९९ खासदार होते. मात्र त्यांना ना जनतेने निवडले, ना पक्षाच्या सामान्य सभासदांनी. २०१५ मध्ये मिळालेले संसदेतील बहुमत अवघे १२ चे. शिवाय त्या स्वतः महासंघात राहण्याच्या पक्षाच्या, जरी प्रचारात त्यांचा आवाज क्वचितच ऐकू आला. ज्या कौलाच्या विरोधात आपण मत दिले, तो प्रामाणिकपणे राबवू हे त्यांना आपल्याच पक्षाला पटवून द्यायचे होते. ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ हे त्यांचे पालुपद त्यासाठीच होते. त्यातून काहीच स्पष्ट होत नव्हते, आणि तेव्हा तेच त्यांच्या सोयीचे होते.

मंत्रिमंडळाची रचना मात्र बोलकी होती. ब्रेक्झिट खाते डेव्हिड डेव्हिस यांच्याकडे, नवे परराष्ट्र व्यापार खाते लियाम फॉक्स यांच्याकडे आणि परराष्ट्र मंत्रालय चक्क बोरिस जॉन्सन यांच्याकडे गेले. महासंघ सोडा म्हणणाऱ्यांनीच तो सोडून दाखवावा, असा तो डाव होता. यश आले तर श्रेय सरकारचे, अपयश आले तर त्यांचे. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांना मात्र थेट घरी पाठवण्यात आले. २०२० पर्यंत अर्थसंकल्प शिलकी करण्याचा त्यांचा हट्ट मे यांनी नेतृत्वाच्या शर्यतीत उतरतानाच सोडून दिला होता. फिलिप हॅमंड त्या पदावर आले ते याच बदलत्या धोरणासह.

‘दुसऱ्या थॅचर’ हे बिरुद वृत्तपत्रांनी मे यांना तातडीने बहाल केले. स्त्री, हुजूर पक्ष आणि कणखर स्वभाव एवढ्यावर तुलना संपत असेल तर ठीक. विचारांच्या बाबतीत ती फसवी आहे. ११ जुलैला बर्मिंगहॅममध्ये मे यांनी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत, वरिष्ठांच्या वेतनावर भागधारकांचे मत बंधनकारक असावे आणि परदेशी कंपन्यांनी ब्रिटिश उद्योग गिळंकृत करताना सरकारने हातावर हात ठेवून बसू नये, असे सांगितले. कॅडबरी आणि ॲस्ट्राझेनेका ही उदाहरणेही दिली. पाठोपाठ ‘औद्योगिक धोरण’ हे शब्द एका खात्याच्या नावातच आले. बाजारावर अढळ श्रद्धा असलेल्या थॅचर यांना हे रुचले नसते. मे यांचे तेव्हाचे निकटचे सल्लागार निक टिमथी हे बर्मिंगहॅमच्या जोसेफ चेंबरलेन यांचे चाहते आहेत, आणि या विचारांचे मूळ तिकडेच शोधावे लागते. पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कारखान्याचे भवितव्य मुंबईतील टाटांच्या निर्णयाशी बांधलेले असताना या धोरणाची परीक्षा फार दूर नव्हती.

आता खरा पेच. महासंघाची एकल बाजारपेठ आणि माणसांचा मुक्त संचार या दोन गोष्टी ब्रसेल्सच्या मते अविभाज्य आहेत. लंडनमधील बँका तेव्हा एका परवान्यावर सर्व सदस्य देशांत व्यवसाय करत होत्या, ती सवलत याच बाजारपेठेच्या आधारावर उभी होती. २० जुलैला बर्लिनमध्ये मे आणि अँगेला मर्केल यांची भेट सौजन्याने पार पडली. ५० व्या कलमाची सूचना २०१६ च्या अखेरीपूर्वी दिली जाणार नाही, यालाही मर्केल यांनी समजुतीने घेतले. परंतु त्या कलमानंतर दोन वर्षांची घड्याळाची टिकटिक सुरू होणार होती आणि बाजारपेठ की सीमा, यांतून एकाची निवड करावी लागणार होती. त्याच सुमारास स्कॉटलंडही हिशेब मागणार होता, कारण तेथे ६२ टक्के मते महासंघात राहण्याच्या बाजूची होती.

मे कोणती निवड करणार याचा सर्वात विश्वासार्ह दाखला त्यांची भाषणे नव्हेत, तर गृहखाते होते. निव्वळ स्थलांतर वर्षाला एक लाखाच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट त्यांनी सहा वर्षे सोडले नाही, आणि ते एकदाही गाठले नाही. २०१५ मध्ये हा आकडा ३ लाख ३३ हजार होता. त्यात महासंघातून आलेले १ लाख ८४ हजार आणि महासंघाबाहेरून आलेले १ लाख ८८ हजार. देश सोडणारे ब्रिटिश नागरिक वजा होऊन बेरीज जुळते. म्हणजे युरोपातून एकही माणूस आला नसता, तरी उद्दिष्ट हुकलेच असते. महासंघाबाहेरच्या संख्येवर ब्रसेल्सचे बंधन कधीच नव्हते. ती कमी करायची तर भारत, नायजेरिया, चीन अशा देशांच्या नागरिकांकडेच सरकारचा मोर्चा वळणार होता.

प्रचारकाळात प्रीती पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियाई मतदारांना नेमके उलटे सांगितले होते: युरोपीयांची रांग आटली की राष्ट्रकुलातील कुशल माणसांना दार उघडेल. पटेल २०१६ मध्ये मंत्रिमंडळात होत्या, पण दाराची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. ती ज्यांच्याकडे होती, त्यांचा इतिहास असा: २०१२ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरीची मुभा देणारा व्हिसा बंद झाला आणि भारतीय विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने घसरली. त्याच वर्षी परदेशी जोडीदाराला आणण्यासाठी १८,६०० पौंड वार्षिक उत्पन्नाची अट आली. २०१३ मध्ये भारतासह काही देशांच्या पाहुण्यांकडून ३,००० पौंड अनामत घेण्याचा बेत आखला गेला, आणि बराच गदारोळ झाल्यावर तो गुंडाळला गेला. एप्रिल २०१६ पासून टियर २ व्हिसाधारकांना कायम वास्तव्यासाठी ३५,००० पौंड वेतन दाखवावे लागू लागले. पुणे-मुंबईच्या आयटी कंपन्या ज्या मार्गाने माणसे पाठवत, त्या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसासाठी किमान वेतन एप्रिल २०१७ पर्यंत ४१,५०० पौंडांवर नेण्याचे मार्च २०१६ मध्येच जाहीर झाले होते. त्याशिवाय परदेशी कर्मचाऱ्यामागे मालकावर वर्षाला १,००० पौंडांचा आकारही जाहीर झाला होता. हे सारे सार्वमतापूर्वीचे आहे.

एका लहान समूहाची अवस्था याहून विचित्र होती. १९६१ पूर्वीच्या गोव्यात जन्मलेले आणि त्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगू शकतात. त्या पासपोर्टच्या बळावर आलेली अनेक गोमंतकीय कुटुंबे स्विंडन आणि साउथॉलमध्ये स्थिरावली आहेत. घरी कोकणी-मराठी बोलणारी ही माणसे कायद्याच्या दृष्टीने युरोपीय आहेत. महासंघाच्या नागरिकांच्या वास्तव्याची हमी तेव्हा लगेच देण्यास मे यांनी नकार दिला होता. परदेशातील ब्रिटिशांसाठी तशी हमी मिळेपर्यंत हा पत्ता हातचा सोडायचा नाही, असा त्यामागचा विचार होता. राजनीतीत असे पत्ते राखले जातात हे खरे, पण शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना पत्ता म्हणून वापरणे अशोभनीय होते.

भारतीयांच्या हाती एकच भरीव साधन होते, ते म्हणजे व्यापार करार. ब्रिटन महासंघात असेपर्यंत फॉक्स यांना स्वतंत्र करारावर सही करता येणार नव्हती, मात्र बोलणी चाचपता येणार होती आणि त्या यादीत भारत वरच्या क्रमांकावर असणार होता. महासंघाशी भारताच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या आणि २०१३ मध्ये थबकल्या. मोटारी आणि मद्यावरील आयात कराच्या जोडीला व्यावसायिकांच्या ये-जा करण्याचा प्रश्नही अडला होता. दिल्ली लंडनपुढे तीच मागणी ठेवणार होती. तेव्हा व्यापार खाते होकाराकडे झुकणार होते, गृहखाते नकाराकडे, आणि निर्णय थेरेसा मे यांच्या टेबलावर येणार, अशी चिन्हे होती.