डॅशबोर्डवर न दिसणारे मीटर

‘इकॉनोमेट्रिका’ हे अर्थशास्त्रातलं मोठं मानाचं नियतकालिक. त्यात १९८७ साली समीकरणांनी खच्चून भरलेला एक शोधनिबंध छापून आला. त्याच्या शीर्षकात हॅरॉल्ड झर्चर असं एक नाव होतं. हे झर्चर अर्थतज्ज्ञ नव्हते की गणितीही नव्हते. अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या सिटी बसगाड्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. थोडक्यात, आगारातल्या वर्कशॉपचे प्रमुख. कुठल्या बसचं इंजिन अजून रेटायचं आणि कुठल्या बसचं उतरवून त्या जागी दुसरं बसवायचं, हे ते वर्षानुवर्षं ठरवत आले होते.

त्याच शहरातल्या विद्यापीठात जॉन रस्ट नावाचे तरुण अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी झर्चर यांच्या नोंदी मिळवल्या. १६२ बसगाड्या, दहा वर्षांहून जास्त काळ, दर महिन्याला मीटरवरचा आकडा आणि इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद. इंजिनं सरासरी दोन-अडीच लाख मैलांवर बदलली जात होती, पण ठरावीक असा आकडा नव्हता. एखादं बरंच लवकर उतरवलेलं, तर एखादं पार पुढपर्यंत ताणलेलं. रस्ट यांना प्रश्न पडला, की हा माणूस अंदाजपंचे चालला आहे की यामागे काही हिशेब आहे?

हिशेब दिसतो तितका सोपा नाही. इंजिन तसंच ठेवलं तर देखभालीचा खर्च मैलांबरोबर वाढत जातो आणि भर रस्त्यात बस बंद पडण्याची भीतीही वाढते. बदललं तर आज एकदम मोठी रक्कम जाते, पण इंजिनाचा मीटर शून्यावर येतो. अडचण अशी, की आज ठेवलं म्हणजे पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, मग त्याच्या पुढच्या महिन्यात, असं न संपणारं. म्हणजे आजचा निर्णय अचूक घ्यायचा तर पुढच्या सगळ्या महिन्यांचे निर्णय आजच मनात सोडवावे लागतात! अशी गणितं सोडवण्याची पद्धत रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात घडवली. रस्ट यांनी ती संगणकावर चालवली आणि झर्चर यांच्या निर्णयांशी ताडून पाहिली. दोन्ही बऱ्यापैकी जुळले. ते समीकरण कधीही न मांडता झर्चर त्याचं उत्तर देत आले होते. निबंधाला पुढे १९९२ साली फ्रिश पदक मिळालं.

मला मात्र निकालापेक्षा समीकरणाच्या पोटातल्या दोन गोष्टी जास्त भावतात. पहिली म्हणजे, त्यात मागच्या बिलांना जागाच नाही. गेल्या वर्षी या बसवर किती ओतले हे समीकरण विचारतच नाही. शेवटचं इंजिन बसवल्यापासून किती मैल झाले एवढंच विचारतं. “आत्ताच तर क्लच प्लेट टाकली, सस्पेन्शनचं काम केलं, आता कशी विकू?” हे आपलं नेहमीचं दुखणं तिथे आतच येत नाही. दुसरी गोष्ट आणखी छान आहे. रस्ट यांनी समीकरणात एक जागा मोकळी ठेवली. झर्चर यांना दिसतं, ऐकू येतं, पण नोंदवहीत उतरत नाही अशा सगळ्याची ती जागा. इंजिनाचा बदललेला आवाज, धुराचा रंग, तेलाचा वास. मिस्त्रीच्या कानांना गणितात सन्मानानं बसवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता आपल्या दारातल्या गाडीकडे येऊ. मीटर अडीच-तीन लाखांवर गेलेला, पिकअप कमी झालेला, गाडी ऑइल खायला लागलेली, आणि गॅरेजवाला सांगतो, “साहेब, इंजिन काम निघालंय.” आपण मीटरकडे बघून म्हणतो, म्हातारी झाली बिचारी. पण तो आकडा नक्की काय मोजतो?

जरा हिशेब करू. सरासरी ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं तीन लाख किलोमीटर म्हणजे ७,५०० तास. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं असं धरलं तर क्रँकशाफ्ट तोवर ९० कोटी वेळा फिरलेला असतो. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. एवढं घासून लोखंड उरतं तरी कसं?

याचं उत्तर इंग्लंडमध्ये १८८३ साली एका बुचामुळे सापडलं. बोशां टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं. त्यांनी बूच मारलं. बूच बाहेर! लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तर काटा टोकाला जाऊन भिडला. फिरता आस स्वतःच तेलाला आपल्या आणि बेअरिंगच्या मधल्या चिंचोळ्या फटीत ओढत होता, आणि त्या तेलाच्या दाबानं वरचा सगळा भार उचलून धरला जात होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्यामागचं गणित मांडलं. पावसात वेगात असलेल्या गाडीचं चाक पाण्यावर चढतं आणि ब्रेक लागेनासा होतो, त्यामागचं शास्त्र हेच. फक्त इंजिनात ते आपल्या फायद्याचं असतं. चालत्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेलाच नसतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर तो तरंगत असतो.

तरंगणारी वस्तू झिजणार कशी? झीज मुख्यतः होते ती हा थर नसतो तेव्हा: सकाळी चावी फिरवल्यावरचे पहिले काही क्षण, पिस्टन वरच्या टोकाला थांबतो ती जागा, आणि तेल जुनं, पातळ किंवा घाण झालेलं असतं तेव्हा. त्यात आणखी एक भर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थंड इंजिनात थोडी रिंगांच्या फटीतून तेलात उतरते. गाडी लांब पळाली की तेल तापून ती उडून जाते. रोज दोन किलोमीटरवरच्या मंडईपर्यंतच जाणाऱ्या गाडीत ती तिथेच राहते आणि तेल नासवते. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, अगदी कमी चाललेली’ असं वाचून हुरळून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. महामार्गावर दीड लाख पळालेलं इंजिन गल्लीत पन्नास हजार फिरलेल्या इंजिनापेक्षा तरुण असू शकतं.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विज्ञान शिकवणारे अर्व्ह गॉर्डन. त्यांनी १९६६च्या जूनमध्ये व्होल्व्होची पी-१८०० एस ही लाल गाडी घेतली. नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. इंजिन पहिल्यांदा उघडून बांधलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर, म्हणजे जवळपास ११ लाख किलोमीटरवर. सप्टेंबर २०१३मध्ये अलास्कात गाडीनं ३० लाख मैल पूर्ण केले. २०१८ साली गॉर्डन वारले तोवर तिची धाव ५० लाख किलोमीटरांच्या पुढे गेली होती. एवढ्यात चंद्रावर सहा वेळा जाऊन-येऊन झालं असतं. गाडी काही जादूची नव्हती. लांबचा प्रवास, वेळेवर तेलबदल आणि कंपनीचं पुस्तक अक्षरशः पाळणं, एवढंच.

तर मुद्दा असा, की डॅशबोर्डवर मीटर एकच दिसतो, पण गाडीत डझनावारी मीटर चालू असतात आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. इंजिन बांधलं, बोअर करून नवे रिंग-पिस्टन टाकले, की तो मीटर शून्याच्या जवळ येतो. क्लच, ब्रेक, शॉकॉब्सर यांचंही तसंच. रबराचा मीटर किलोमीटर मोजतच नाही, तो वर्षं मोजतो. होज पाइप, बुश, टायमिंग बेल्ट हे उष्णतेनं आणि हवेनं उभ्या गाडीतही कडक होत जातात. म्हणून तर कंपनी टायमिंग बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे देते, आणि जे आधी येईल ते पाळायचं असतं.

हे सगळे मीटर पैसे टाकून मागे फिरवता येतात. एक फिरत नाही: पत्र्याचा.

गंज हा विचित्र प्रकार आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं जो थर चढतो तो घट्ट चिकटून आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, सच्छिद्र असतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. सुटला की खाली ताजं लोखंड पुढच्या ओलाव्यासाठी उघडं. पाण्यात मीठ असलं की त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि ही क्रिया भराभर होते. मालवण किंवा रत्नागिरीत समुद्राजवळ उभी राहणारी गाडी आणि सोलापुरातली गाडी यांचं वय म्हणूनच एकाच कॅलेंडरवर मोजता येत नाही. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासिस नसते, पत्र्याचे जोडलेले डबे हाच सांगाडा असतो. दाराखालची पोकळ पट्टी, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा, खालचे आडवे-उभे मेंबर आतून सडले की वरून कितीही डेंटिंग-पेंटिंग करा, अपघातात ती गाडी तुम्हाला वाचवणार नाही.

पैशांचं काय? ‘दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की विकून टाका’ हा सल्ला फार चालतो, आणि तो मला चुकीचा वाटतो. गाडीची बाजारभावातली किंमत म्हणजे ती दुसऱ्याला किती हवी आहे याचा आकडा. तुम्हाला हवा आहे पुढच्या वर्षभराचा प्रवास. तुलना करायची ती पुढच्या वर्षांच्या दोन खर्चांची. समजा, इंजिन कामाला ७० हजार लागणार आणि त्यावर गाडी आणखी चार वर्षं नीट चालणार. किरकोळ कामांचे वर्षाला २० हजार धरले तरी वर्षाला ३७-३८ हजार पडतात. उलट आठ लाखांची नवी गाडी पाच वर्षांनी चार लाखांना गेली, तर वर्षाला ८० हजार नुसत्या घसरणीतच गेले. कर्जाचं व्याज आणि जास्तीचा विमा वेगळाच. आकडे तुमचे तुम्ही घाला, मांडणी मात्र हीच ठेवा. आणि झर्चर यांच्या बाबतीत रस्त्यात बंद पडलेल्या बसची किंमत हिशेबात होती, हेही विसरू नका. घरात आजारी माणूस असेल, रात्री-अपरात्री घाट उतरावा लागत असेल, तर भरवशालाही किंमत लावायला हवी. नव्या गाडीतल्या एअरबॅगांनाही.

शेवटचा मीटर कायद्याचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. महाराष्ट्रात अशा गाड्यांना पर्यावरण करही आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला या मीटरनंच गाठलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला मर्यादा २० वर्षांची. २०२३च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. इंजिनाला कोणी विचारलंही नाही.

म्हणून इंजिन कामाचा आकडा हातात आला की लगेच हो-नाही म्हणू नका. आधी गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि मिस्त्रीबरोबर स्वतः खाली उभे राहा. दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शनचे जोड यांवर पान्याच्या दांड्यानं टकटक करायला लावा. खणखणीत आवाज आला, सुटे भाग बाजारात मिळत असले, तर इंजिन खुशाल बांधून घ्या. बद्द आवाज आला किंवा पत्रा आत दबला, तर त्या गाडीवर आता एक रुपयाही घालू नका. सरकारमान्य भंगार केंद्रात द्या आणि तिथला दाखला घ्या. आणि निर्णय काहीही झाला तरी गाडीत एक वही ठेवा: तारीख, मीटर, काम, रक्कम. झर्चर यांच्या वर्कशॉपनं दर महिन्याचा मीटर टिपून ठेवला नसता तर रस्ट यांना एक समीकरणही सोडवता आलं नसतं.