प्रत्येक संघाला तीन सामने



जूनमध्ये शाळा उघडल्या की फुटबॉलची तयारी सुरू होते. जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुब्रोतो चषकाच्या शालेय स्पर्धा येतात. त्याआधी लहान संघांची एक सराव स्पर्धा झाली, तर मुलांची भीड चेपते. अशी स्पर्धा कशी भरवावी, असे काही मंडळ्यांनी विचारले, म्हणून हे लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या बोर्डिंगच्या मुलांना मी नाशिकला एका बाद पद्धतीच्या स्पर्धेला नेले. पहाटेची एसटी धरली, सोबत भाकऱ्या बांधून घेतल्या. दहा वाजता पहिला सामना हरलो आणि आमची स्पर्धा संपली. पेठकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, आता दिवसभर काय करायचं?" मला उत्तर देता आले नाही.

हिशेब सोपा आहे. आठ संघ बाद पद्धतीने खेळले, तर चार संघ एकाच सामन्यानंतर घरी जातात. आणि ते बहुधा पाड्यांवरून आलेले, कमी सरावाचेच असतात. त्याऐवजी चार-चार संघांचे दोन गट करावेत आणि गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे. गटांचे १२ सामने, उपांत्य २, अंतिम १, असे १५ सामने होतात. प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतात. सात-सात खेळाडू, दहा-दहा मिनिटांचे दोन भाग आणि एका मैदानाची दोन छोटी मैदाने केली, की विश्रांती धरून पाच-सहा तासांत सारे आटोपते. शनिवारी खेळवावे, म्हणजे रविवारची उपासना चुकत नाही.

बदली खेळाडूंना पुन्हा पुन्हा आत-बाहेर जाऊ द्यावे. लहान मुलांच्या खेळात नियमांनाही ते मान्य आहे. एक मुलगा अनवाणी आणि दुसरा खिळ्यांच्या बुटांत, असे मात्र होऊ देऊ नये. सर्वांना सारखे रबरी बूट आणि नडगीचे पॅड द्यावेत.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज मिशनऱ्यांनी १८८३ मध्ये सुरू केले. तेथील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुले पाहिली. २००१ मध्ये त्यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आले. मुले तयारच होती. त्यांना बोलावणारे कोणी नव्हते.

आमच्याकडे पावसाळा सरला की द्राक्षबागांचे काम निघते. सुरगाणा-पेठची कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे जातात आणि काही मुलांची शाळा तिथेच सुटते. ज्याचा संघ त्याची वाट पाहतो, तो मुलगा आईबापांना म्हणतो, "मी बोर्डिंगात राहतो." सगळेच राहतात असे नाही, पण काही राहिलेले मी पाहिले आहेत.

आपल्या मंडळीने एका संघाचे बूट, दोन चेंडू किंवा एक दिवसाचे जेवण उचलावे आणि या मुलांना प्रार्थनेत आठवावे, ही विनंती.